घराण्यात नाही, म्हणून निश्चिंत?

लहान मुलाला कर्करोग झाल्याचे कळले की घरातून पहिले वाक्य बहुधा एकच येते : ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही.’ केसपेपरवरही पुष्कळदा ‘फॅमिली हिस्टरी – नाही’ एवढे लिहून पुढचा रकाना भरला जातो. उलट टोकाला दुसरी समजूत उभी असते. रक्तातच असेल तर करणार काय, आणि करता येण्यासारखे नसेल तर शोधून तरी काय काढायचे? पहिली समजूत आनुवंशिकता नाकारते, दुसरी तिच्यापुढे हात टेकते. परिणाम दोन्हींचा सारखाच : धाकट्या भावंडाबद्दल कोणी काही विचारत नाही.

या दोन्ही समजुती उथळ आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बालकर्करोगात घराण्याच्या इतिहासाची साक्ष फारच कमकुवत असते. आणि ज्या थोड्या मुलांत धोका जन्मजात असतो, नेमक्या त्यांच्याच बाबतीत आजाराच्या आधी पोचण्याची संधी वैद्यकाला मिळते. मोठ्या माणसाला तंबाखू सोडायला सांगता येते. दोन वर्षांच्या मुलाला काय सोडायला सांगणार? बालकर्करोगात टाळण्याजोगी कारणे जवळजवळ नाहीतच. आगाऊ मिळणारी वेळ हेच तिथले मोठे साधन, आणि ही वेळ आनुवंशिक धोक्याच्या संशोधनातून हाती येते.

मावळ आणि लोणावळ्याच्या संदर्भात हे मांडण्याला कारण आहे. लोणावळ्याहून पुणे जितके जवळ, जवळपास तितकेच खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्र पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, या नावाने खारघरला आले. डॉ. राजीव सरिन यांच्या पुढाकाराने तिथे कर्करोगाच्या आनुवंशिकीचे काम उभे राहिले : कुटुंबांची वंशावळ काढणे, समुपदेशन, जनुकचाचणी. देशातल्या या विषयाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक द्रुतगती मार्गावरून तासा-दीड तासावर आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तीन खोऱ्यांतल्या वाड्यांपासून मात्र ते फार लांब आहे, आणि हे अंतर किलोमीटरचे नाही.

१. घराण्याची आठवण अपुरी का पडते

घराण्यात कर्करोग नसणे आणि मुलात जन्मजात धोका नसणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिले कारण सामाजिक आहे. आपल्याकडे घराण्याची आठवण बहुतेक बापाच्या बाजूने चालते. चुलते, आजोबा, पणजोबा सांगता येतात. आईची आत्या किंवा आजीची बहीण कशाने गेली हे कोणालाच ठाऊक नसते. दोन पिढ्यांपूर्वी डोंगरातल्या वाडीत एखादे मूल डोळा सुजून किंवा पोट फुगून गेले असेल, तर त्या मृत्यूला आजाराचे नाव मिळण्याची शक्यता फार थोडी होती. ज्याचे निदानच झाले नाही ते वंशावळीत कुठून दिसणार? आता कुटुंबे लहान झाली आहेत. एक-दोन मुलांच्या घरात निम्म्या शक्यतेचा धोकाही पिढीभर अदृश्य राहू शकतो.

दुसरे कारण जीवशास्त्रीय, आणि अधिक महत्त्वाचे. जन्मजात असलेला प्रत्येक दोष वारशाने आलेला असतोच असे नाही. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना जनुकात नवा बदल घडतो. मूल तो घेऊन जन्मते, आईबापांच्या रक्तात मात्र तो नसतो. अशा घरात हे मूलच पहिले. इतिहास त्याच्यापासून सुरू होतो, मागे शोधून काही मिळत नाही. तिसरा प्रकार आणखी वेगळा : जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय आजार होत नाही. अशा वेळी एकेक सदोष प्रत बाळगणारे आईबाप सहसा ठणठणीत असतात आणि घराणे निष्कलंक दिसते.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांनी कर्करोग झालेल्या ११२० मुलांची आणि किशोरांची जनुके तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८.५ टक्के मुलांत कर्करोगाकडे झुकवणारा जन्मजात बदल सापडला. त्यांच्यातल्या ज्या ५८ मुलांची कौटुंबिक माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी फक्त २३ जणांच्या घरात कर्करोगाचा इतिहास होता. म्हणजे पाचांपैकी तिघे ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ असेच म्हणाले असते, आणि खरेच बोलले असते.

याच आकड्याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. दहापैकी नऊ मुलांत असा बदल सापडला नाही. बालकर्करोग म्हटला की आनुवंशिक, असे समजून एखाद्या घराला डाग लावणे हे अज्ञान आहे आणि क्रूरही.

२. डोळ्याच्या कर्करोगाने काय शिकवले

या विषयाचे मूळ ज्ञान एका लहानशा आजारातून आले. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग साधारण पंधरा ते अठरा हजार जन्मांमागे एका मुलाला होतो, आणि बहुधा पाच वर्षांच्या आत. रिओ द जानेरोमधले नेत्रवैद्य इलारिओ दे गोव्हेआ यांनी १८७२ मध्ये एका मुलाचा डोळा काढून त्याचा जीव वाचवला. तो मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि त्याच्या दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत हाच आजार झाला. मूल जगले म्हणूनच वारसा दिसला. उपचार सुधारतात तसतसे आनुवंशिकतेचे प्रश्न वाढतात, कारण बरी झालेली मुले आईबाप होतात.

शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी मांडून पाहिल्या. दोन्ही डोळ्यांचा आजार लवकर दिसतो, एका डोळ्याचा उशिरा. या वयांच्या आलेखातून त्यांनी तर्क केला : पेशीतल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय गाठ होत नाही. काही मुले एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात. त्यांना आणखी एकच आघात पुरतो. इतरांत दोन्ही आघात जन्मानंतर त्याच पेशीवर व्हावे लागतात. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक हाती लागले आणि तर्क खरा ठरला. कागदावरच्या वयांवरून, प्रयोगशाळेत पाऊल न टाकता, जनुकाचे वागणे ओळखण्याची ही कामगिरी विसाव्या शतकातल्या वैद्यकाच्या सर्वांत सुंदर अनुमानांपैकी एक आहे असे मी मानतो.

आज आपल्याला ठाऊक आहे की दोन्ही डोळ्यांत आजार असेल तर बदल जन्मजात धरावा. एकाच डोळ्यात असेल तरी सुमारे १५ टक्के मुलांत तो जन्मजात असतो, म्हणून ‘एकच डोळा आहे, चिंता नको’ हेही चूक. जन्मजात प्रकारातही बहुसंख्य मुले घरातली पहिलीच असतात. आणि अशा नव्याने घडलेल्या बदलांपैकी बहुतेक बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर सापडतात. मुलाला असा आजार झाला की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक घरात ही गोष्ट मोठ्याने सांगितली पाहिजे. त्यात बापाचाही अपराध नाही; शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात आणि नक्कल करताना चूक होते, इतकेच. पण दोष बाईच्या रक्तात असतो हा आपल्याकडचा गृहीत सिद्धान्त इथे पुराव्यानिशी कोसळतो.

आता धाकट्या भावंडाकडे या. आजारी मुलात नेमका कोणता बदल आहे हे कळले नसेल, तर प्रत्येक भावंडाची जन्मापासून काही वर्षे ठरावीक अंतराने, अनेकदा भूल देऊन, डोळ्यांची तपासणी करावी लागते. पवनानगरच्या पलीकडून तान्हे मूल घेऊन मुंबई गाठायची, रोज बुडवायचा, उपाशी मुलाला भुलीसाठी ताटकळत ठेवायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पण बदल नेमका ठाऊक असेल तर भावंडाच्या थोड्या रक्तावर उत्तर मिळते. आई किंवा बाप वाहक असेल तर शक्यता निम्मी. म्हणजे निम्मी भावंडे या चक्रातून कायमची सुटतात. जनुकचाचणी म्हणजे वाईट बातमी, असे आपण धरून चालतो. ती जितक्यांना धोका सांगते तितक्यांनाच मोकळेही करते, आणि या मोकळीकीबद्दल कोणी बोलत नाही.

३. कळल्याने काय बदलते, आणि कुठे काहीच बदलत नाही

‘कळून उपयोग काय’ या प्रश्नाचे उत्तर आजारागणिक वेगळे आहे, म्हणून सरसकट होकार आणि सरसकट नकार दोन्ही फसवे.

सर्वांत ठाम उत्तर थायरॉइडच्या एका दुर्मीळ कर्करोगात मिळते. ‘रेट’ जनुकातले काही बदल असलेल्या मुलांना मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग होणे जवळजवळ निश्चित असते. हा संबंध १९९३ मध्ये उलगडला. अशा मुलाची थायरॉइड ग्रंथी, बदलाच्या प्रकारानुसार, पाच वर्षांच्या आत काढली तर कर्करोग होण्याआधीच टळतो. पुढे रोज एक गोळी घ्यावी लागते. इथे ‘नशीब’ हा शब्द वापरायला जागाच उरत नाही.

‘टीपी ५३’ जनुकाच्या बदलामुळे होणारा ली-फ्रॉमेनी दोष अधिक अवघड. हाड, स्नायू, मेंदू, अधिवृक्क ग्रंथी, स्तन, कुठेही गाठ होऊ शकते. सगळे अवयव काढून ठेवता येत नाहीत. कॅनडातल्या टोरंटोच्या संशोधकांच्या गटाने अशा व्यक्तींवर एमआरआय, सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांची नियमित नजर ठेवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण नजरेखालच्या गटात ८८.८ टक्के, तर न तपासलेल्या गटात ५९.६ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे हे अंतिम सत्य मानू नये. पण दिशेबद्दल मला शंका वाटत नाही.

आजारी मुलाच्या स्वतःच्या उपचारातही फरक पडतो. जन्मजात रेटिनोब्लास्टोमा किंवा ली-फ्रॉमेनी असलेल्या मुलाला बाहेरून किरणोपचार दिले तर पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. इलाज निवडण्याआधी हे ठाऊक असणे आणि वीस वर्षांनी कळणे यात एका आयुष्याचा फरक आहे.

आणि कुठे थांबायचे? ‘ब्राका’ जनुकांचा स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मोठ्या वयातला आहे. आई वाहक आहे म्हणून आठ वर्षांच्या मुलीची ती चाचणी करू नये. तिच्या बालपणात त्या माहितीचा उपयोग शून्य आहे, आणि जाणून घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. अठरा वर्षांची झाल्यावर ती तो वापरेल. बालपणीच ज्याचा उपाय आहे तेवढेच बालपणी शोधावे, ही मर्यादा मी या विषयातली सर्वांत महत्त्वाची मर्यादा मानतो. खासगी प्रयोगशाळांच्या ‘बाळाचे संपूर्ण जनुक-पॅकेज’ छापाच्या जाहिराती तिच्याकडे डोळेझाक करतात.

४. सोयरिकीचा प्रश्न

मामाची मुलगी करणे महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मान्य आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश म्हणून मांडले, ते याच सोयरिकींमुळे. जवळच्या नात्यात लग्न झाले तर दोन्हीकडून तीच सदोष प्रत मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हे त्याचे उदाहरण : मूल फिकट होत जाते, अस्थिमज्जा थकते, आणि पुढे रक्ताचा तसेच तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत यावर बरीच वर्षे काम चालू आहे. त्याची ओळख पटणे जिवाशी निगडित आहे, कारण अशा मुलाला केमोथेरपीचा नेहमीचा डोस सोसत नाही.

यावर ‘नात्यात लग्न करू नका’ असा फलक लावून मोकळे होणे सोपे आहे. पण जातीतल्या जातीत, ठरलेल्या पंचवीस-तीस गावांत शतकानुशतके सोयरिकी होत आल्या, तर नाते सांगता येत नसले तरी रक्त जवळचेच राहते. हा विचार इथे नवा नाही. मानवी आनुवंशिकीचे अभ्यासक डॉ. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांची आनुवंशिक लक्षणे तपासली होती. १९५६ मध्ये संघवी आणि सहकाऱ्यांनी बारा गटांतल्या नात्यातल्या विवाहांचे प्रमाण मोजले. ज्या परंपरेतून अ‍ॅक्ट्रेक उभे राहिले तिने हा प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखला होता. ते धागे आपण पुढे का नेले नाहीत, याची मला मनापासून खंत आहे.

ब्राझीलने एक वाट दाखवली. तिथल्या दक्षिण भागात ‘टीपी ५३’ चा एक ठरावीक बदल एका समान पूर्वजाकडून पसरलेला आहे. पराना राज्यात १ लाख ७१ हजार ६४९ नवजात बालकांची त्यासाठी चाचणी झाली, ४६१ वाहक सापडली, आणि नजरेखाली ठेवलेल्या मुलांत अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी लहान असतानाच पकडता आल्या. आपल्याकडच्या कोणत्या समाजात असा कोणता बदल साचला आहे, हे परदेशी आकडे सांगणार नाहीत. आपल्या मुलांच्या जनुकचाचणीत वारंवार ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, कारण तुलनेचा साठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून २०२५ मध्ये माहिती खुली केली. ही सुरुवात आहे.

५. तीन आक्षेप

‘हे सगळे फवारणीमुळे आणि कारखान्यांमुळे होते.’ तळेगावच्या औद्योगिक वसाहतीशेजारी आणि गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये राबणाऱ्या आईबापांची ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी अजिबात नाही. आनुवंशिक धोक्याचे संशोधन कोणत्याही कारखान्याला निर्दोष ठरवत नाही. उलट ज्या मुलांत जन्मजात कारण सापडते ती वेगळी केली, तरच उरलेल्यांत रसायनांचा वाटा नीट मोजता येईल. दोन्ही शोध एकमेकांना लागतात.

‘जिथे सर्पदंशाची लस वेळेवर मिळत नाही, बायकांच्या अंगात रक्त नाही, तिथे जनुकांच्या गप्पा कशाला?’ हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सर्व बालकांची जनुकचाचणी करा अशी मागणी मी करत असतो तर त्यापुढे मी निरुत्तर झालो असतो. मागणी तेवढी नाही. आजारी मुलात एकदा बदल सापडला की भावंडात तोच एक बदल शोधणे संपूर्ण चाचणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. डोळ्याच्या कर्करोगाची खूण असलेली बुबुळातली पांढरी चमक साध्या प्रकाशात दिसते. अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक चट्टे मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. ते न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे चिन्ह असू शकते, आणि त्यातही निम्मी मुले घरातली पहिलीच असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. त्यांना नेमके काय पाहायचे आणि दिसले तर कुठे पाठवायचे एवढे शिकवणे श्रीमंत देशाचीच चैन ठरत नाही.

‘कळले तर मुलीचे लग्न कसे होणार?’ हा आक्षेप उघडपणे कोणी नोंदवत नाही, आणि खरा अडसर तोच आहे. याला विज्ञानाचे उत्तर नाही. कायद्याचे आणि गुप्ततेचे आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिकतेच्या सबबीवर विमा नाकारणे हा भेदभाव ठरवला आणि विमा नियामकाने त्या आधारावर दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना कळवले. पण अमेरिकेत २००८ पासून आहे तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. गावात तर आशाताईच्या वहीत लिहिलेली गोष्ट चार घरांत पोचते. ज्याला चाचणी घराघरांत न्यायची आहे त्याने आधी हे कुलूप बसवले पाहिजे. तोवर जे आईबाप नकार देतात त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

६. नोंद आणि रस्ता

भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुण्याची पुढच्या दशकात आली, पण ती मुख्यतः शहरी वस्तीची. ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र १९८७ पासून बार्शीच्या नोंदवहीने दाखवले, तेही सोलापूर-धाराशिवकडचे. मावळातले मूल पुण्याला नेले तर एका कागदावर, परळला नेले तर दुसऱ्या. आणि वाटेतच गेले तर कशावरच नाही. तालुक्यातल्या कोणत्या घरात दहा वर्षांपूर्वी डोळा काढलेले मूल आहे आणि आज त्याच्या मागून कोण जन्मले आहे, हे कोणालाही एका जागी सांगता येत नाही. आनुवंशिक धोका कुटुंबात वाहतो आणि आपली सगळी नोंद एकेका रुग्णाची आहे. खरी पोकळी ती आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आजारी मुलाच्या उपचाराचा भार उचलते. निरोगी भावंडाची चाचणी हा उपचार नसल्याने योजनेच्या चौकटीत ती बसत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त वाचवता येते. परळच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे येणारे तरुण आज लग्नाच्या वयाचे आहेत. भावंडांची आणि होणाऱ्या मुलांची चौकशी सुरू करायला याहून योग्य जागा नाही.

म्हणून मागणी नेमकी ठेवतो. ज्या मुलाच्या कर्करोगात जन्मजात कारण संभवते, त्याच्या डिस्चार्ज कार्डवर भावंडांची तपासणी कधी, कुठे आणि कोणत्या वयापर्यंत करायची हे मराठीत लिहिलेले असावे. ती सूचना आईबापांच्या संमतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे बंद लिफाफ्यात जावी. भावंडाच्या चाचणीचा आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च फुले योजनेत धरावा. आणि खारघरच्या समुपदेशकांनी महिन्यातून एक दिवस लोणावळ्यात किंवा वडगावात बसावे. मुंबईची माणसे दर शनिवारी घाट चढून इथे येतात. जनुकशास्त्रालाही तोच रस्ता मोकळा आहे.